वस्तीतल्या सगळ्यांना मनपापर्यंत कसं पोचवायचं? नागपूरसाठी पायरी-पायरीनं

आमच्या मोहल्ल्यात मांग गारुडी समाजाची एक आजी आहे. तिचे सगळे कागद बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात, कंट्रोलचं म्हणजे रेशनचं कार्ड, आधार, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आणि खाली कधीतरी कोणीतरी लिहून दिलेली एक चिठ्ठी जी आता वाचताच येत नाही. श्रावणबाळ योजनेच्या, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनच्या पैशासाठी ही बाई वर्षभर मनपाच्या झोनमध्ये चकरा मारत होती. वर्षभर! आणि तिला कोणीच सांगितलं नाही की आजी, हे काम इथलं नाहीच, तहसीलमधल्या संजय गांधी योजनेच्या टेबलावरचं आहे. तिची हिंदी गारुडी वळणाची, खिडकीवरच्या माणसाला कळत नव्हती, तो म्हणायचा पुढच्या आठवड्यात या, ती पुढच्या आठवड्यात जायची.

मी वस्तीत बचत गटाचं काम करते, उत्तर नागपुरात. गेल्या काही वर्षांत असे खूप लोक पाहिले म्हणून हे लिहायला बसले. कायद्यात जागा आहे, राखीव पैसा आहे, समित्या आहेत, पण आपला माणूस एकटा जातो, चुकीच्या दारात जातो आणि हातात पोच न घेता परत येतो. एकट्याला परत पाठवायला कोणाला काही कष्ट पडत नाहीत, राजेहो. त्यामुळे खाली जे सांगते ते सगळं दहा-पंधरा जणांनी मिळून करायचं आहे हे धरूनच वाचा.

आधी मोहल्ल्याची यादी

अर्ज, निवेदन, मोर्चा हे सगळं नंतर. आधी एक शंभर पानी रजिस्टर घ्या आणि घर-घर फिरा. आम्ही पहिल्यांदा फिरलो तेव्हा वाटलं होतं आपल्याला सगळे माहीत आहेत, इथंच तर जन्म गेला. पण गल्लीच्या टोकाला नाल्याकडच्या बाजूला सात घरं निघाली, छत्तीसगडहून बांधकामावर आलेले लोक, चार वर्षांपासून राहून राहिले होते आणि आमच्यापैकी एकालाही त्यांची नावं माहीत नव्हती. त्यांच्या लेकरांची नावं अंगणवाडीच्या रजिस्टरमध्येसुद्धा नव्हती. मला त्या दिवशी खरंच लाज वाटली.

रजिस्टरमध्ये प्रत्येक घरासाठी हे लिहा: घरात कोण कोण, घरी कोणती भाषा बोलतात, काम काय, आणि मग नाहीचा रकाना, म्हणजे काय काय नाही. कंट्रोलचं कार्ड नाही, मतदार यादीत नाव नाही, जन्माचा दाखला नाही, जातीचा दाखला नाही, दिव्यांग आहे पण कार्ड नाही. हा नाहीचा रकाना म्हणजे तुमच्या सगळ्या पुढच्या कामाचा नकाशा. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला सोबत घ्या, त्यांना कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कुठं म्हातारा एकटा आहे हे सगळं पाठ असतं.

फिरायला कोण जाणार हेही बघा. एकाच समाजाचे पाच पोरं फिरले तर बाकीची दारं अर्धीच उघडतात. आम्ही जोड्या केल्या, एक बौद्ध घरातली आणि एक मोमीनपुऱ्यातल्या मुस्लिम घरातून लग्न होऊन आलेली, अशा. दुपारी बाया घरी असतात आणि मजूर रात्री आठनंतर भेटतात, म्हणून दोन फेऱ्या. तृतीयपंथी लोक एका घरात मिळून राहत असतील तर आधी त्यांच्या गुरूला भेटा, वेळ मागा, आणि नाव कोणतं लिहायचं ते त्यांनाच विचारा.

कोणतं काम कोणत्या दारात

हे पाठ करून ठेवा, कारण अर्धं आयुष्य चुकीच्या लाइनीत जातं.

मनपाचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. तुमचा झोन कोणता ते घरटॅक्सच्या पावतीवर असतं, स्वतःची पावती नसेल तर शेजाऱ्याची पाहा. नाली, लाइट, कचरा, जन्म-मृत्यूचे दाखले, घरटॅक्स, मनपाची शाळा आणि दवाखाना हे झोनचं किंवा सिव्हिल लाइन्सच्या मुख्य ऑफिसचं. बचत गट, दिव्यांग, ठेलेवाले हे समाज विकास विभागाचं.

कंट्रोलचं कार्ड अन्न पुरवठा कार्यालयाचं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, निराधारचे पैसे हे महसूलचं, म्हणजे तहसील आणि एसडीओ (उपविभागीय अधिकारी), अर्ज सेतूत किंवा आपले सरकारवर. शिष्यवृत्ती, वसतिगृह, तृतीयपंथीयांच्या योजना यासाठी समाज कल्याणचं ऑफिस, दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात. तृतीयपंथीयांच्या 2019 च्या कायद्याप्रमाणे ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात, त्याचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर भरावा लागतो.

जमिनीचं मात्र नागपुरात वेगळंच आहे. वस्ती एकच दिसते पण खालची जमीन मनपाची असू शकते, नासुप्रची, म्हणजे 1936 च्या कायद्यानं आलेल्या सुधार प्रन्यासची, नझूलची (शहरातली सरकारी जमीन), रेल्वेची किंवा कोणा खाजगी मालकाची. पट्ट्याचा, म्हणजे घराखालची जागा नावावर करून घ्यायचा विषय काढायच्या आधी जमिनीची आखीव पत्रिका (शहरी जमिनीचा मालकीचा कागद) किंवा सातबारा काढून मालक कोण ते बघा. एकाच गल्लीच्या दोन बाजूंचे दोन मालक असतात, मग एका बाजूला पट्टे मिळतात आणि दुसरी बाजू म्हणते आमच्यावर अन्याय झाला, आणि समाजा-समाजात विनाकारण वैर होतं. हे आधीच सांगून टाकलं तर भांडण होत नाही.

कागद: जिथं सगळ्यात जास्त लोक गळतात

भटक्या-विमुक्त समाजाला जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा राहण्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967. आता सांगा, ज्यांचे आजोबा पाल ठोकून गावोगाव फिरत होते त्यांच्याकडं 1961 चा कागद कुठून येणार? इथं लोक हात टेकतात. पण रस्ता आहे. आजोबा-पणजोबाच्या नात्यातल्या कोणाचा तरी शाळेचा दाखला शोधा, काका, आत्या, चुलत आजोबा, वडिलांकडून रक्ताचं नातं पाहिजे. ज्या गावात पाल जास्त दिवस राहत होतं तिथल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, ज्याला आपल्याकडं कोतवाल बुक म्हणतात, त्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात, अर्ज करून नक्कल मागा. तेही नसेल तर अर्जासोबत लेखी मागणी करा की अधिकाऱ्यानं वस्तीत येऊन गृहचौकशी करावी. ही मागणी तोंडी करू नका, अर्जातच एका ओळीत लिहा.

आणि एक जण एका नात्याचा दाखला मिळवतो तेव्हा त्याची वंशावळ नीट कागदावर काढून ठेवा. पहिला दाखला मिळाला की त्याच कुटुंबातल्या वीस जणांचं काम सोपं होतं. आमच्याकडं एका मुलाच्या दाखल्याला दीड वर्ष लागलं, त्याच्या बहिणीला दोन महिने.

जन्माचा दाखला: जन्म होऊन वर्ष उलटून गेलं असेल आणि नोंदच नसेल तर झोनमधून थेट मिळत नाही, मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. त्यामुळे घरी बाळंतपण झालं असेल तर 21 दिवसांच्या आत नोंद करा, ही गोष्ट आशाताईकडून प्रत्येक घरात पोचवा. मतदार नोंदणीला फॉर्म 6. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाकडं पत्त्याचा पुरावा नसला तरी त्याचं नाव लागू शकतं, बीएलओनं (मतदार यादीचं काम बघणारा त्या भागातला कर्मचारी) रात्री जाऊन तो खरंच तिथं झोपतो का ते बघायचं असतं. बीएलओला हे माहीत नसलं तर शांतपणे सांगा, भांडू नका.

एक कळकळीचं सांगणं. दलाल चौकात बसलेलेच असतात, हजार-दोन हजारात दाखला काढून देतो म्हणतात. खोटा पुरावा लावलेला दाखला पडताळणीत पकडला जातो आणि मग पोराचं शिक्षण अर्ध्यात अडकतं. नका करू बाप्पा, कितीही घाई असली तरी.

अर्ज द्यायची रीत

सगळ्यांचे अर्ज वेगवेगळे, पण जायचं एकाच दिवशी, मिळून. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर. आवक नंबर नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं समजा. हा नंबर रजिस्टरमध्ये त्या घरासमोर लिहायचा.

2015 चा लोकसेवा हक्क कायदा लोकांना माहीतच नाही. दाखल्यांपासून नळ जोडणीपर्यंत ज्या सेवा या कायद्याखाली अधिसूचित आहेत त्या किती दिवसांत द्यायच्या ते ठरलेलं असतं, ऑफिसात बोर्ड लावणं बंधनकारक आहे. मुदत गेली किंवा नकार आला की 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं. मग दुसरं, मग तिसरं थेट आयोगाकडं. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. दंड छोटा वाटतो, पण अपिलाचा कागद टेबलावर गेला की फाइल हलते, हे मी स्वतः पाहिलंय.

ठेलेवाल्यांचं

याच्यावर जरा जास्त लिहिते, कारण शहरात नवीन आलेला माणूस, मग तो कोणत्याही समाजाचा असो, पहिल्यांदा ठेलाच लावतो. भाजी, चप्पल, पाणीपुरी, बांगड्या, संत्र्याच्या सीझनमध्ये संत्री. सीताबर्डीच्या मेन रोडपासून सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारापर्यंत बघा, सगळं नागपूर तिथं शेजारी-शेजारी बसलेलं असतं.

2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो की शहरात नगर पथविक्रय समिती असली पाहिजे, तिचे अध्यक्ष आयुक्त, आणि तिच्यात किमान 40 टक्के लोक विक्रेत्यांनी मतदानानं निवडलेले पाहिजेत. त्यातल्या एक तृतीयांश बाया. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, दिव्यांग यांनाही योग्य जागा. म्हणजे पाहा, बांगड्या विकणारी बाई आणि आयुक्त एका टेबलावर बसून कुठं बाजार लागेल ते ठरवतात, असं कायद्याला हवं आहे. हे व्हायचं असेल तर दोन गोष्टी आधी होणं गरजेचं: तुमचं नाव मनपाच्या विक्रेत्यांच्या सर्व्हेत पाहिजे, आणि समितीच्या मतदार यादीत पाहिजे.

सर्व्हे निदान पाच वर्षांतून एकदा व्हायलाच हवा. सर्व्हे होणार असं कळलं की वस्तीत दवंडीच द्या. त्या दिवशी आपल्या जागेवर, आपल्या मालासोबत हजर राहा. आमच्या भागात मागं असं झालं की सकाळी ठेला बायको लावते, संध्याकाळी नवरा येतो, सर्व्हेवाले संध्याकाळी आले आणि नाव नवऱ्याचं लागलं. पुढं नवरा घर सोडून गेला आणि ती बाई कागदावर विक्रेतीच नव्हती. म्हणून जी धंदा करते तिचंच नाव लावा, हट्टानं. आठवडी बाजारात फिरून बसणाऱ्यांनीही नोंद करायची, कायद्यात फिरत्या विक्रेत्यांनाही प्रमाणपत्र आहे.

सर्व्हे होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, कलम 3 मध्ये आहे. नंतरही जागा हलवायची तर 30 दिवसांची नोटीस. आणि अतिक्रमणची गाडी माल उचलून घेऊन गेली तर तिथल्या तिथं मालाची सही केलेली यादी मागा, हा तुमचा हक्क आहे. फी भरून दावा केला की नासणारा माल, भाजी-फळं, त्याच दिवशी परत आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. यादीच नसेल तर तीन क्रेट संत्र्याचे होते की एक हे सिद्ध कोण करणार? मोबाइलवर फोटो काढून ठेवा, रोज दुकान मांडल्यावर एक. आमच्या इथल्या एका ताईनं हे सुरू केलं, तिच्या फोनमध्ये आता चार महिन्यांचे ठेल्याचे फोटो आहेत, तारखेसकट, आणि तिला उठवायला कोणी आलं की ती फोटोच दाखवते.

ठेलेवाल्यांसाठीचं पीएम स्वनिधीचं कर्ज 2020 मध्ये 10 हजारांपासून सुरू झालं, आता पहिला हप्ता 15 हजारांचा आहे, मग 25, मग 50. घ्यायचं असेल तर जरूर घ्या पण वेळेवर फेडा.

बजेटमध्ये आपलं नाव

महाराष्ट्रात महापालिकांना बजेटमधून महिला-बालकल्याणासाठी 5 टक्के, दुर्बल घटकांसाठी 5 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के ठेवावे लागतात. दरवर्षी ठेवतातही. खर्च कुठं होतात हा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून पैसा पडून राहतो किंवा दुसरीकडं वळतो.

आयुक्त साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बजेट मांडतात, म्हणजे तुमचं निवेदन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झोनला, समाज विकास विभागाला आणि नगरसेवकांना गेलं पाहिजे. मार्चमध्ये दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाचंच. निवेदनात “आमच्या वस्तीचा विकास करा” असं लिहू नका. अमुक समाजभवनाला तीन पायऱ्या आहेत, वस्तीत व्हीलचेअरवर चार जण आहेत, रॅम्प हवा, दिव्यांग निधीतून करा. अमुक शाळेत मुलींचं टॉयलेट बंद आहे, महिला-बालकल्याणातून दुरुस्त करा. जागा, माणसांचा आकडा, कोणत्या निधीतून, एवढं तीन ओळीत. आकडा तुमच्या रजिस्टरमधून येतो, म्हणून ते रजिस्टर आधी करायला सांगितलं.

मागच्या वर्षी त्या 5 टक्क्यांचं काय झालं हे माहिती अधिकारात विचारा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, अर्ज दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयावर, आपल्या राज्यात तसा नियम आहे. दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही. 30 दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडं. विचारताना टोमणे नको, फक्त: अमुक आर्थिक वर्षात दिव्यांग कल्याण निधीत किती तरतूद, किती खर्च, कामांची झोननिहाय यादी द्या.

मीटिंग कुठं, कधी, कोणत्या भाषेत

हा मुद्दा सगळे विसरतात आणि माझ्या मते इथंच सगळं अडतं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मीटिंग ठेवली तर मजूर कसा येणार, त्याची त्या दिवसाची मजुरी कोण देणार? शुक्रवारी दुपारी नमाजची वेळ, रविवारी सकाळी चर्च आणि विहार, ईदच्या आधी बाजारवाले मोकळे नसतात, मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीला तर इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही रात्री साडेआठ धरतो, जेवणं होतात, बाया येऊ शकतात. आणि जागा बदलत राहतो, एकदा विहारात, एकदा मदरशाच्या अंगणात, एकदा पिंपळाखाली. एकाच देवळाच्या सभामंडपात दरवेळी ठेवली तर काही लोक तोंडानं काही म्हणणार नाहीत, फक्त येणार नाहीत.

भाषेचं म्हणाल तर 1956 पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशची राजधानी होती, मराठी-हिंदी दोन्ही इथं पहिल्यापासून घरच्याच. मनपा स्वतः मराठी, हिंदी, उर्दू शाळा चालवते. मग लसीकरणाची, सर्व्हेची, पाणी बंदची सूचना त्या त्या मोहल्ल्यात हिंदी आणि उर्दूतही का नको? ही मागणी झोनच्या सहायक आयुक्तांना लेखी करा, आणि सोबत स्वतः भाषांतर करून द्या. आम्ही एका उर्दू शाळेच्या मॅडमकडून लिहून घेतलं, झेरॉक्स काढली आणि नळाच्या खांबाला चिकटवली. त्या महिन्यात लसीकरणाला आलेल्या बायांची रांग मी पाहिली, दारापासून रस्त्यापर्यंत होती.

मनपाला जमत नाही असं कोणी म्हटलं तर त्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाची आठवण करून द्या. दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात आणि तेव्हा पिण्याचे नळ, तात्पुरती शौचालयं, दवाखाना, रात्री राहायला शाळा, सफाई, सगळं उभं राहतं. तेच यंत्र, तेच कर्मचारी. एका वस्तीसाठी वर्षभर थोडं थोडं मागणं हे त्याच्यापुढं काहीच नाही.

नगरसेवक आले, आता पुढं

मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं मनपात प्रशासक होते, लोकांना कोणाकडं जावं कळत नव्हतं. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली आणि आता प्रभागात एकापेक्षा जास्त नगरसेवक आहेत, निम्म्या जागा बायांच्या. निवेदन सगळ्यांना द्या, फक्त आपल्या समाजाच्या नगरसेवकाला देऊ नका, नाहीतर तो विषय एका समाजाचा होऊन बसतो. बाईच्या ऐवजी तिचा नवरा मीटिंगला आला तर नम्रपणे म्हणा, ताईंनाच घेऊन या, आम्ही थांबतो.

महापालिका कायद्यात 2009 च्या दुरुस्तीनं क्षेत्र सभा आली आहे, म्हणजे गावात ग्रामसभा तशी शहरात मतदारांची सभा, नगरसेवक अध्यक्ष. शहरात कोणी हा शब्दही काढत नाही. पन्नास-शंभर सह्यांचं पत्र द्या की आमच्या भागात क्षेत्र सभा घ्या, आणि विषय तुम्हीच लिहून द्या, पाचपेक्षा जास्त नको. पहिला विषय सगळ्या समाजांच्या कामाचा ठेवा, पाणी किंवा नाली. सगळे एका गोष्टीवर बोलायला लागले की मग दुसऱ्या विषयाला, समजा तृतीयपंथीयांना समाजभवन भाड्यानं नाकारतात, त्यालाही लोक कान देतात. उलट क्रमानं केलं तर अर्धे लोक उठून जातात, हे आम्ही एकदा भोगलंय.

त्या सभेत बोलणार कोण हे आदल्या रात्री ठरवा. आमच्या आजीला, तीच बिस्किटाच्या डब्यावाली, आम्ही दोन वाक्यं बोलायला सांगितली होती. ती उभी राहिली, डबा उघडला, एकेक कागद काढून टेबलावर मांडला आणि म्हणाली, “साब, ये सब है मेरे पास, फिर भी मैं सालभर गलत दरवाजे पे खडी थी.” बस. त्यानंतर झोनच्या दारात कोणतं काम कुठं होतं याचा मराठी-हिंदी बोर्ड लागला. उर्दूचा अजून बाकी आहे, त्याचं पत्र दिलंय, आवक नंबर रजिस्टरमध्ये आहे.

रजिस्टर मात्र एकाच घरी ठेवू नका. आमचं एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी शिरून अर्धं भिजलं होतं. आता दर पंधरा दिवसांनी पानांचे फोटो काढतो आणि तीन जणींच्या फोनमध्ये ठेवतो. त्यात लोकांच्या घरच्या गोष्टी असतात म्हणून मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकत नाही.